अर्धी टाकी

सुलोचा फोन आला तेव्हा मी वर उचललेल्या एका जुन्या मोटारीखाली उभा होतो आणि तिची पेट्रोलची नळी माझ्या बोटांत होती. नळीला केसाएवढी भेग. ओउलू शहरातल्या गाडीतपासणी केंद्रात मी गेली एकतीस वर्षं हेच करतो. लोकांच्या गाड्या वर घ्यायच्या, खालून बघायच्या, आणि ज्यांचं काही फाटलंय, गंजलंय, गळतंय त्यांना नापास करून घरी पाठवायचं. मोटारीची मालकीण नर्स होती. "अहो, एवढीशी तर भेग आहे," ती म्हणत होती, "परवापासून रात्रपाळी आहे माझी, जाऊ कशी?" आणि मी माझ्या नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजाला माझी मुलं 'सरकारी आवाज' म्हणतात, तिला सांगत होतो, "बाई, एवढ्याशा भेगेनं माणूस जातो." हजार वेळा बोललेलं वाक्य. तेवढ्यात खिशात फोन वाजला. "रौनो? सुलो बोलतोय, गावाकडून. तुझ्या बापाची स्नोमोबाइल आहे ना रे अजून शेडमध्ये? या मार्चमध्ये आपल्या तळ्यावरच्या शर्यतीला पन्नास वर्षं होतायत. सगळ्या म्हाताऱ्या गाड्या एकदा बर्फावर आणायच्या ठरवलंय. आता रिकामटाक्याची गाडी नसेल तर काय मजा राहिली, सांग!" आणि तो हसला. एक्क्याऐंशी वर्षांचा झाला तरी हसणं तेच, पिंपात दगड लोटल्यासारखं. "इंजिन ठीक असेल तिचं, थंडीत काही कुजत नाही. फक्त पेट्रोलचं सगळं काढून साफ करायला लागेल. ते तुझ्याइतकं कुणाला कळतं?" मी "बघतो" म्हणालो. फोन खिशात टाकला. थोड्या वेळानं भानावर आलो तर नर्सबाई आनंदानं गाडी सुरू करून फाटकाबाहेर चालली होती आणि माझ्या हातातल्या कागदावर मीच 'पास' लिहून सही केलेली होती. मी रस्त्यावर पळत गेलो, दोन्ही हात हलवत. ती मला शिव्या देत परत आली.

रिकामटाक्या. आमच्याकडे प्रत्येकाला असं एक नाव असतं आणि ते एकदा चिकटलं की पाद्रीबाबानं ठेवलेलं नाव फक्त थडग्याच्या कामाचं उरतं. बाबांचं खरं नाव ओइवा. एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीपर्यंत त्यांना लोक ओइवाच म्हणायचे, आणि ते आदरानं म्हणायचे. रेनडिअरच्या पायवाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक नव्हत्या. कळपवाल्यांचा जुना प्रमुख त्या वसंतात थकून खुर्ची सोडणार होता आणि पुढचा प्रमुख कोण हे कुणी विचारतही नव्हतं, इतकं ते उघड होतं. मग त्या जानेवारीत, उणे अडतीस अंशांत, बाबांची गाडी मोठ्या तळ्याच्या पलीकडे, माळावर बंद पडली. ते नऊ तास चालत आले. उजव्या पायाची तीन बोटं दवाखान्यात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सुलो त्यांच्या खुणांवरून गाडीपर्यंत गेला, आपल्या डब्यातलं पेट्रोल त्यांच्या टाकीत ओतलं, दोरी ओढली, आणि गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. झालं. आणखी पुरावा कशाला हवा? ओइवा रिकामी टाकी घेऊन माळावर गेला. आमच्याकडे माणूस दारू पिऊन पडला तर लोक त्याला उचलून घरी पोचवतात, बायको सोडून गेली तर कॉफी पाजतात, पण टाकी न बघता माळावर जाणाऱ्याला माफी नाही. त्याच्या भरवशावर दुसऱ्यांनी आपले कळप आणि आपली पोरं कशी सोडायची? वसंतातल्या सभेत प्रमुख झाला तो सुलो. सुलो वाईट माणूस नाही. त्यानं नाव ठेवलं तेही गंमत म्हणून. पण चाळीस वर्षं दुकानात, सॉनाच्या वाफेत, लग्नात, मयताला, बाबा उठून निघाले की कुणीतरी मागून म्हणायचंच, "ओइवा, टाकी बघितलीस ना?"

आणि मला चाळीस वर्षं ठाऊक आहे की टाकी अर्धी भरलेली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कधीकधी वाटतं मी स्वतःलाही पुरतं सांगितलेलं नाही, म्हणजे हे वाक्य असं उभं-आडवं, कर्ता-क्रियापद लावून मनात कधी म्हटलेलं नाही. ते नुसतं आत कुठेतरी होतं. सुलोच्या फोननंतर दोन आठवडे मी झोपलो, जेवलो, गाड्या नापास केल्या, आणि सगळा वेळ तोंडात धातूची चव होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. सुलो म्हणाला होता 'पेट्रोलचं सगळं काढून साफ कर', आणि मला ऐकू आलं होतं 'काढ आता बाहेर'. नाही म्हणता आलं असतं. पाठ दुखते, रजा नाही, काहीही. पण मग गावातल्या कुणीतरी ती टाकी उघडली असती. या एका भीतीनं मला उत्तरेला नेलं. बापावरच्या प्रेमानं नव्हे, हे इथे लिहून ठेवतो.

शेडचं दार बर्फानं अडलेलं होतं, ते फावड्यानं मोकळं केलं. आत गाडी ताडपत्रीखाली होती, पिवळी, नाकाशी रंग उडालेली. बाबा त्या हिवाळ्यानंतर तिच्यावर कधी बसले नाहीत. दुसरी घेतली, आणि हिला इथे लोटून दिलं. मी शेडमधली पत्र्याची शेगडी पेटवली, हात शेकले, आणि सुरुवात मुद्दाम दुसऱ्या टोकानं केली. आधी कार्ब्युरेटर काढला. त्याच्या तळाची वाटी उघडली तर आत पेट्रोल नव्हतंच, गुळाच्या पाकासारखं तपकिरी काहीतरी बसलं होतं आणि त्याचा तो आंबूस, वॉर्निशचा वास थेट टाळूला जाऊन भिडला. पेट्रोल म्हातारं झालं की असं होतं. मी वाटी खरवडली. पेट्रोल मोजून सोडणारी ती पितळेची इवलीशी भोकं एका बारीक तारेनं एकेक करून मोकळी केली, दिव्याकडे धरून बघितली, पलीकडचा उजेड टाचणीच्या टोकाएवढा दिसेपर्यंत. पंपातला रबराचा पडदा पापडासारखा कडक झाला होता, बोटांत मोडला. नवा बसवला. गाळणी नवी. कार्ब्युरेटरपासून टाकीच्या झाकणापर्यंतची बाहेरची नळी नवी. हात आपोआप चालत होते, आणि मला लाज वाटत होती ती याची की हातांना मजा येत होती. दुपारच्या दोनपर्यंत सगळं झालं. टाकी तेवढी राहिली.

टाकी पत्र्याची, बाहेरून काही दिसत नाही, काटा नाही. बाबा बर्चची एक सोललेली काडी झाकणातून आत घालायचे, बाहेर काढून ओली कुठवर आहे ते बघायचे, आणि काडीला वास घेऊन ती परत बुटात खोचायचे. टाकीच्या आत एक नळी लोंबते. तिच्या टोकाला वजन असतं, म्हणजे पेट्रोल कमी झालं तरी टोक तळाशी राहतं आणि शेवटचा थेंब ओढता येतो. त्या हिवाळ्याच्या आधीच्या शरद ऋतूत ती आतली नळी चिरली होती. "मोठ्या गावात जा, दुकानातून पेट्रोलची रबरी नळी आण, हातभर," बाबा म्हणाले होते. "पेट्रोलचीच. वजन जुनंच लाव." साठ किलोमीटर बस. मी एकोणीस वर्षांचा होतो. बसथांब्यासमोरच्या कॉफीच्या दुकानात एक मुलगी काम करायची, तिच्यासमोर मी तीन तास बसलो, चार कप कॉफी प्यायलो आणि तिच्याशी एकूण दोन वाक्यं बोललो. हार्डवेअरचं दुकान बंद झालं. परतीच्या बसमध्ये आठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता आलं असतं. पण मग 'काल काय करत होतास' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? म्हणून मी तळघरात गेलो. आई दर शरदात लिंगोनबेरीची वाइन करायची, आणि काचेच्या बुधल्यातून ती बाटल्यांत ओढून घ्यायची तिची एक पारदर्शक नळी खिळ्याला टांगलेली असायची. छान मऊ, लवचिक, बरोबर त्याच जाडीची. हातभर कापली. वजन मात्र तिच्या टोकावर बसेना, घसरायचं, म्हणून वजन लावलंच नाही. टाकीच्या आत कोण बघतंय? "मिळाली?" बाबांनी विचारलं. "मिळाली," मी म्हणालो. "चांगली आहे ना?" "एक नंबर." पुढे ओउलूत तपासनीसाच्या अभ्यासक्रमात एका शिक्षकांनी असलाच एक तुकडा वर्गात टेबलावर आपटून दाखवला होता. टक् असा आवाज झाला होता. "पेट्रोल या प्लॅस्टिकमधला मऊपणा चोखून घेतं," ते म्हणाले, "मग थंडीत हे काठीसारखं होतं आणि वर वळतं. हे पेट्रोलच्या टाकीत कोण घालतो? गाढव." सगळा वर्ग हसला. मी सगळ्यांपेक्षा जोरात हसलो होतो, हे चांगलं आठवतं.

मी झाकणाचे स्क्रू काढले आणि ते उचललं. ती तशीच होती. पिवळी पडलेली, हाडासारखी कडक, आणि टोक वर वळलेलं, हुक्कीत आलेल्या कुत्र्याच्या शेपटीसारखं, टाकीच्या बरोबर मध्यावर. म्हणजे पेट्रोल निम्म्यावर आलं की ही नळी नुसती हवा ओढत बसणार. आणि कुणी डबाभर ओतलं की पातळी टोकाच्या वर जाणार आणि गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू. मला हे सगळं माहीत होतं. दवाखान्यात, पायाला बँडेज बांधलेले बाबा सुलोला म्हणत होते, "पण मी काडी घातली होती रे. अर्ध्याच्या बरीच वर ओली होती काडी," तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मला ते एका क्षणात, नळीच्या वळणासकट कळलं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सुलो हसला, "ओइवा, काडी तू कॉफीत बुडवली असशील," आणि खोलीतले सगळे हसले, आणि त्या हसण्यात मी तोंड मिटून घेतलं. एक दिवस थांबू, बाबांना बरं वाटू दे, असं ठरवलं. मग सभा होऊन जाऊ दे. मग मी ओउलूला जाऊ दे. पुढच्या शरदात आई तळघराच्या पायऱ्यांवरून ओरडली होती, "माझी वाइनची नळी कुणी पाहिली का? कुणीतरी अर्धी कापून नेलीय!" मी सुट्टीला आलो होतो, टेबलाशी बसलो होतो. "नाही गं," म्हणालो. ती वर आली, माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली, हात पुसले, आणि पुन्हा त्या नळीचं नाव तिनं कधी काढलं नाही. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली.

माणसानं काय करायला हवं होतं ते सांगतो. ती नळी तशीच कागदात गुंडाळायची, बाबांच्या वृद्धाश्रमात न्यायची, त्यांच्या हातात द्यायची. मी काय केलं तेही सांगतो. मी ती उपटली. ती मोडली. दोन्ही तुकडे मी शेगडीत टाकले. काळा, घाणेरडा धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं, दार उघडावं लागलं. विचार करून केलं असं नाही. हातांनी केलं, मघाशी पितळेची भोकं साफ करणाऱ्या त्याच हातांनी. मग मी टाकीत मूठभर नटबोल्ट आणि साबणाचं पाणी घालून ती घुसळली, तीनदा धुतली, शेगडीजवळ वाळवली, नवी रबरी नळी लावली, टोकाला वजन, अगदी नियमाप्रमाणे. तेल मिसळलेलं ताजं पेट्रोल गळ्यापर्यंत भरलं. सातव्या झटक्याला गाडी खोकली, नवव्याला निळा धूर सोडून सुरू झाली. मी बाहेर उन्हात उभा राहून तिचा आवाज ऐकत होतो आणि मला हलकं वाटत होतं. सुटलो, असं वाटत होतं.

शर्यतीचा दिवस लख्ख होता. मार्चचं ऊन, पायाखाली कडक बर्फ, तळ्यावर दीड-दोनशे माणसं, शेकोटीवर सॉसेज, किटलीत कॉफी आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कपातल्या कॉफीत चीजचे तुकडे. जुन्या गाड्या एका ओळीत उभ्या होत्या. आश्रमातल्या पोरीनं बाबांना बर्फावरून ढकलायच्या घसरखुर्चीत बसवून, मांडीवर रेनडिअरचं कातडं टाकून आणलं होतं. शहाऐंशी वर्षं, पण डोळे अजून माळावर लांब बघणाऱ्याचे. पिवळ्या गाडीजवळ आल्यावर त्यांनी हातमोजा काढून तिच्या नाकावर हात ठेवला. "चालते?" "चालते, बाबा." "कुठे बिघडली होती?" मी म्हणालो, "जुनं पेट्रोल साचलं होतं." तेवढ्यात सुलो आला, एका हातात माइक, दुसऱ्या हातात लाल डबा. "मंडळी!" तो ओरडला, "ही गाडी ओळखली का? ही सुरू करण्याआधी काय करायचं असतं?" आणि दोनशे लोक, त्यांतले निम्मे त्या हिवाळ्यानंतर जन्मलेले, एका सुरात ओरडले, "टाकी बघितलीस का, ओइवा?" सुलोनं डब्यातून ओतल्याचं सोंग केलं. पोरं बर्फावर लोळली. बाबा हसत होते. त्यांनी टोपी काढून चारी बाजूंना वाकून दाखवलं, सवयीचा विदूषक दाखवतो तसं, आणि टोपी पुन्हा घालताना कान झाकायला त्यांना जमेना, ती पोरगी मदतीला वाकली. तिथे माझ्यात काहीतरी तुटलं. मी सुलोच्या हातातून माइक ओढला.

"टाकी रिकामी नव्हती," मी म्हणालो. माझा आवाज पलीकडच्या झाडांवर आपटून परत आला, तोच सरकारी आवाज. "टाकी अर्धी भरलेली होती. आतली नळी मी लावली होती. दुकानात गेलोच नाही मी. आईची वाइनची नळी कापून लावली, ती थंडीत वर वळली. म्हणून सुलोनं ओतल्यावर गाडी सुरू झाली. बाबांची काही चूक नव्हती. माझी होती. मला तेव्हापासून माहीत आहे." आणखीही काही बोललो असेन. कान बधिर झाले होते. कुणी हसत नव्हतं. मला वाटलं आता कुणीतरी थुंकेल, आणि खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो, तहानलेल्यासारखी.

सुलो पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि माइक आपल्याकडे ओढून म्हणाला, "बघा! याला म्हणतात मुलगा! चाळीस वर्षांनी बापाचं खापर आपल्या डोक्यावर घेतो." आणि टाळ्या सुरू झाल्या. हातमोज्यांच्या टाळ्या, धप् धप् धप्. "खोटं नाही सुलो, शपथेवर सांगतो," मी म्हणालो. "बरं बरं," तो हळूच, माइक बाजूला धरून म्हणाला, "कुठाय मग ती नळी? टाकी तूच उघडलीस ना?" "जाळली." "जाळली," तो म्हणाला, आणि आजारी पोराला थोपटावं तसं त्यानं मला पाठीवर थोपटलं. "चांगलं केलंस. छान बोललास. वाइनची नळी! हे सुचलं बरं तुला. मी ओइवाला जरा जास्तच छळलं रे." एका बाईनं माझ्या हातात गरम सॉसेज दिलं. दुसरी म्हणाली, "असा एक मला असता तर." माणसं रांगेनं येऊन माझा हात हातात घेत होती. वरातीमागून घोडं नेलं, आणि लोकांनी घोड्यालाच हार घातले. नापास करायला त्या सबंध तळ्यावर कुणी नव्हतं.

बाबा तेवढे आले नाहीत. मी गर्दीतून वाट काढून त्यांच्याकडे गेलो, बर्फात गुडघ्यांवर बसलो, म्हणजे आमचे चेहरे समोरासमोर आले. हा एकच माणूस असा होता ज्यानं स्वतः ती काडी पाहिली होती. "हे का केलंस?" त्यांनी विचारलं. "मी नळी आणायला गेलोच नव्हतो बाबा, त्या कॉफीच्या दुकानात—" "ते नाही. आत्ताचं. लोकांसमोर हे का बोललास?" "खरं आहे म्हणून. तुम्ही दवाखान्यात सांगत होता ना, काडी अर्ध्याच्या वर ओली होती? ती होतीच ओली." त्यांनी मांडीवरचं कातडं नीट ओढून घेतलं. "पहिली आठ-दहा वर्षं मलाही वाटायचं तसं," ते म्हणाले. "भांडायचो मनात सगळ्यांशी. मग एका हिवाळ्यात नीट आठवायला बसलो. पहाटेचा अंधार, घाई, कुत्री भुंकत होती. काडी घातलीच नसेल मी. घातली असं वाटतं ना माणसाला, रोज घालतो म्हणून. एवढी माणसं एकाच वेळी कशी चुकतील? आपली चूक मान्य करायला वेळ लागतो रे, रौनो. मला दहा वर्षं लागली. मग तुझ्या आईलाही सांगून टाकलं, की बाई, लोकांचंच बरोबर होतं, टाकी रिकामीच होती."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. उठून कॉफी ठेवायला गेली. बराच वेळ आत होती." त्यांनी माझ्या बाहीवरचं बर्फ झटकलं, मी लहान असताना दारातून आत घेण्याआधी झटकायचे तसं. मग मागे शेकोटीपाशी अजून माझ्याकडे बघून माना डोलावणाऱ्या लोकांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "माझ्यासाठी खोटं नको बोलत जाऊस. मला लाज वाटते."

मी "बरं" म्हणालो.